डोळा पुन्हा दिसू लागला, तरी मान का तपासायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बाबा ६१ वर्षांचे, डोंबिवलीत राहतात. रविवारी सकाळी दूध घेऊन येताना उजव्या डोळ्यापुढे वरून काळा पडदा उतरल्यासारखं झालं. पाच-सात मिनिटं त्या डोळ्याने काही दिसेना, मग आपोआप सगळं पहिल्यासारखं झालं. दुखलं नाही, डोळा लालही झाला नाही. बुधवारी तुम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंत. त्यांनी ड्रॉप घालून बाहुल्या मोठ्या करून तपासलं, डोळा ठीक आहे म्हणाले, आणि मग मानेची डॉप्लर, ईसीजी, इको, मेंदूचा एमआरआय लिहून देऊन ‘आजच न्यूरोलॉजिस्टला दाखवा’ म्हणून सांगितलं. बाबांना बरीच वर्षं बीपी आहे, गोळ्या मनाला येईल तशा चालतात, सिगारेट सुटलेली नाही. ते म्हणतात, ‘दिसतंय ना आता, मग मान कशाला? गणपती होऊन जाऊ देत.’ तुमच्या मनात शंका आहे की यात कट, म्हणजे तपासणी सेंटरकडून डॉक्टरांना मिळणारं कमिशन, तर नाही. शिवाय ऑफिसच्या शिबिरात रेटिनाचा फोटो काढून हार्टचा धोका सांगणारं मशीन आलं होतं, तेवढ्यावर भागेल का, हेही तुम्ही विचारलंय. आणि दिवाळीनंतर ठरलेल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं काय करायचं, हा शेवटचा प्रश्न.

मी मुंबईत रेटिनाची डॉक्टर आहे. आधी बरीच वर्षं महापालिकेच्या हॉस्पिटलात ओपीडी केली, आता स्वतःची प्रॅक्टिस आहे. उत्तर आधी देते, कारणं नंतर: गणपतीपर्यंत थांबू नका. हे वाचून होईल तेव्हा न्यूरोलॉजिस्टची वेळ घ्या. आजची मिळत नसेल तर जिथे चोवीस तास न्यूरोलॉजी आणि सीटी-एमआरआय आहे अशा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत बाबांना न्या. तुम्ही विचारलंय की इतक्या तपासण्या लागतात का. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: तुमच्या हातात वेळ किती आहे? आणि तो फार नाही.

बाबांना जे झालं ते डोळ्यात जाणवलं, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा डोळ्यात नसतं. छातीतून निघून मानेच्या दोन्ही बाजूंनी एकेक मोठी धमनी वर जाते, तिला कॅरोटिड म्हणतात. मानेवर बोटं ठेवली की धडधड लागते ती हीच. कल्याणला जशी कसारा आणि कर्जत अशी लाइन फुटते, तशी ही जबड्याच्या कोपऱ्याखाली दोन भागांत फुटते. एक फाटा चेहऱ्याकडे, दुसरा मेंदूकडे. मेंदूकडे जाणाऱ्या फाट्याला कवटीत शिरल्यावर एक बारीक फांदी फुटते, ती डोळ्याकडे येते, आणि तिच्यातून निघणारी आणखी बारीक धमनी डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, रक्त देते. या शेवटच्या धमनीचा पोकळ भाग ०.२ मिलिमीटरही रुंद नसतो.

मानेतल्या त्या फाट्यावर रक्ताचा प्रवाह सरळ राहत नाही, भोवरे पडतात, आणि बीपी, तंबाखू, शुगर, कोलेस्टेरॉल यांनी धमनी खराब व्हायला लागली की चरबीचा थर नेमका तिथे साठतो. हा थर वर्षानुवर्षं गप्प बसतो. कधी तरी त्याचा पृष्ठभाग फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि तिचा कण सुटून वर जातो. तो डोळ्याच्या फांदीत शिरला की रेटिनाचं रक्त थांबतं आणि दिसणं बंद होतं. कण विरघळला किंवा फुटून पुढे सरकला की दिसणं परत येतं. बाबांच्या पाच-सात मिनिटांचा सगळ्यात संभवनीय अर्थ हा आहे.

आता विचार करा, तोच कण डोळ्याच्या फांदीत न शिरता सरळ पुढे गेला असता तर? तो मेंदूत गेला असता. उजवी कॅरोटिड मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त देते आणि ती बाजू शरीराचा डावा भाग चालवते. म्हणून उजव्या डोळ्यापुढे पडदा आलेल्या माणसाचा डावा हात आणि डावा पाय धोक्यात असतो. कण सुटतो ती जागा अजून तिथेच आहे. डोळा नीट झाला म्हणून मानेतली जखम भरली असं होत नाही. ‘दिसतंय ना आता’ या बाबांच्या वाक्याला एवढंच उत्तर पुरेसं आहे.

बुधवारी डोळा ठीक दिसला यात नवल नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डोळ्यांचे डॉक्टर रॉबर्ट हॉलेनहॉर्स्ट यांनी १९६१ मध्ये रेटिनाच्या धमन्यांत अडकलेल्या चकचकीत पिवळ्या कणांचं वर्णन केलं. ते कण मानेतल्या थरातून आलेलं कोलेस्टेरॉल असतं. आम्ही आजही ते शोधतो, आणि दिसला तर निदान तिथल्या तिथे पक्कं होतं. पण तीन दिवसांनी तो कण तिथे असेलच असं नाही. तुमच्या डॉक्टरांनी डोळ्यात काही न सापडल्यावर ‘काही नाही, जा’ म्हटलं नाही, उलट मानेकडे आणि हृदयाकडे बोट दाखवलं. त्यांनी उत्तम काम केलंय, हे मी मनापासून सांगते.

वेळेबद्दल बोलले, त्यामागचे आकडे देते. थोड्या वेळासाठी येऊन जाणाऱ्या अशा झटक्याला डॉक्टर टीआयए म्हणतात, लोक ‘मिनी स्ट्रोक’ म्हणतात. २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की टीआयए होऊन इमर्जन्सीत आलेल्यांपैकी सुमारे १० टक्के लोकांना पुढच्या ९० दिवसांत पूर्ण स्ट्रोक आला, आणि त्यातले जवळपास निम्मे पहिल्या दोनच दिवसांत. नंतर २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासाने दाखवलं की अशा रुग्णांना ताबडतोब तपासून त्याच दिवशी औषधं सुरू केली तर ९० दिवसांतला स्ट्रोकचा धोका १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर येतो. औषधं नवी नव्हती, तीच जुनी. फरक पडला तो फक्त लवकर सुरू केल्याने.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर तुम्ही उगाच घाबराल. हे आकडे सगळ्या प्रकारच्या टीआयएचे आहेत. फक्त डोळ्यावर बेतलेल्या रुग्णांचा धोका हातापायावर किंवा बोलण्यावर बेतलेल्यांपेक्षा कमी असतो, एका मोठ्या अभ्यासात तो साधारण निम्मा निघाला. रविवारपासून तुमचे चार दिवस काही न होता गेलेत, हेही चांगलंच आहे. पण निम्मा धोका म्हणजे धोका नाही असं नव्हे, आणि पुढचे दोन आठवडे त्यातले सगळ्यात जपण्याचे.

हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे बाबांना खरंच तेच झालं का. मी समोर असते तर सगळ्यात आधी विचारलं असतं: त्या वेळी एकेक डोळा झाकून पाहिला होता का? बऱ्याच लोकांना मेंदूच्या मागच्या भागात गडबड झाली की दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू दिसेनाशी होते, आणि ते सांगतात ‘उजवा डोळा गेला’. दोन्हींचा रस्ता वेगळा, धमनी वेगळी. बाबांना आठवत असेल तर विचारा की समोरच्या माणसाचा चेहरा अर्धा दिसत होता का. अर्धा दिसत असेल तर न्यूरोलॉजिस्टला आवर्जून सांगा. त्याने घाई कमी होत नाही, फक्त शोधायची जागा बदलते.

बाकीच्या शक्यता पटकन सांगते. चमकणाऱ्या वाकड्यातिकड्या रेषा हळूहळू पसरत वीस-तीस मिनिटं राहिल्या आणि मग डोकं दुखलं, तर ते मायग्रेन असू शकतं, पण साठीनंतर पहिल्यांदाच असं झालं तर मी ते मायग्रेन म्हणून सोडून देत नाही. काळे ठिपके, विजेसारख्या चमका, आणि पडदा आला तो गेलाच नाही, असं असेल तर रेटिना सुटलेला असू शकतो. तो बुधवारच्या तपासणीत दिसला असता. दिव्यांभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं आणि दुखणं असेल तर काचबिंदूच्या बाजूने विचार करतात. डोळे मिचकावले की साफ होत असेल तर कोरडेपणा. बाबांचं वर्णन यातल्या कशातही बसत नाही.

एक शक्यता मात्र मुद्दाम सांगते, कारण ती विसरली जाते. पन्नाशीनंतर धमन्यांनाच सूज येण्याचा एक आजार असतो, कपाळाच्या बाजूच्या धमनीत तो जास्त दिसतो. आपल्याकडे तो युरोपाइतका आढळत नाही, पण निघाला तर काही दिवसांत दुसरा डोळाही नेऊ शकतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. बाबांना विचारा: चावताना जबडा दुखून थांबावं लागतं का? केस विंचरताना डोक्याची कातडी दुखते का? अलीकडे ताप, अंगदुखी, वजन घटणं? ‘हो’ असेल तर आजच सांगा. शरीरातली सूज दाखवणाऱ्या, रक्ताच्या ईएसआर आणि सीआरपी या दोन स्वस्त तपासण्या करून घ्या. लिहून दिलेल्या यादीत त्या नसतील तर मागून घ्या. या आजारात स्टिरॉइड लगेच सुरू करतात, बाकीच्या रिपोर्टांची वाट बघत नाहीत.

आता तुमच्या कागदावरच्या तपासण्या. मानेची डॉप्लर म्हणजे सोनोग्राफीच, सुई नाही, दुखत नाही, तासाच्या आत होते. ती कॅरोटिड किती अरुंद झालीय ते सांगते. ईसीजी आणि इको हृदयासाठी, कारण कण नेहमी मानेतूनच येतो असं नाही. हृदयाचे ठोके अनियमित असतील, किंवा लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झाली असेल, तर गुठळी हृदयात तयार होते. आपल्याकडे अशा झडपा अजूनही पुष्कळ दिसतात. ईसीजी काही सेकंदांचा असतो, आणि ठोक्यांची गडबड अधूनमधून होत असेल तर त्यात सापडत नाही. म्हणून कधी चोवीस तासांचं किंवा त्याहून जास्त दिवसांचं होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र, लावायला सांगतात. एमआरआय कशासाठी, तर बाबांना काहीही न जाणवता मेंदूत ताजे बारीक डाग पडले असू शकतात. ते दिसले तर धोका वरच्या पायरीवर गेला असं समजून उपचार कडक करतात. हे डाग पहिल्या काही दिवसांतच ताजे म्हणून ओळखता येतात, त्यामुळे हीसुद्धा गणपतीनंतर करायची गोष्ट नाही.

डॉप्लर नॉर्मल आली तर सुटलो असं समजू नका. युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या मानाने आशियाई लोकांमध्ये कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण जास्त आहे, आणि मानेची डॉप्लर तिथवर पोचत नाही. म्हणून न्यूरोलॉजिस्ट बहुधा सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी सांगतील, ज्यात छातीपासून मेंदूपर्यंतचा सगळा रस्ता दिसतो. सीटीत धमन्या दिसाव्यात म्हणून शिरेतून डाय देतात, तेव्हा किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा.

कॅरोटिड अरुंद निघालीच तर पुढे काय हे तिच्या टक्क्यावर ठरतं, आणि इथे आपल्याकडे चांगला पुरावा आहे. अमेरिका-कॅनडात झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे रुग्ण होते ज्यांना त्या बाजूचा डोळ्याचा किंवा मेंदूचा झटका येऊन गेला होता आणि धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद होती. फक्त औषधांवर राहिलेल्यांपैकी २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्या बाजूचा स्ट्रोक आला, धमनी उघडून थर काढून टाकलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. ५० ते ६९ टक्क्यांत फायदा आहे पण थोडा, तिथे वय, बाकीचे आजार आणि माणसाची स्वतःची इच्छा यांवर निर्णय होतो. ५० च्या खाली ऑपरेशनचा उपयोग नाही, औषधंच. पूर्ण १०० टक्के बंद असेल तर ती सहसा उघडत नाहीत. ‘नस पूर्ण ब्लॉक आहे आणि तरी ऑपरेशन करत नाहीत’ म्हणून नातेवाईक रागावतात, पण बंद धमनीतून कण वर जाण्याची भीती उलट कमी असते.

ऑपरेशन करायचं ठरलं तर ते झटक्यापासून दोन आठवड्यांच्या आत केलं तर सगळ्यात जास्त कामाचं. जसजसा उशीर होतो तसतसा फायदा विरत जातो. स्टेंट घालायचा की धमनी उघडून साफ करायची, हे न्यूरोलॉजिस्ट, व्हॅस्क्युलर सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट मिळून ठरवतात. सत्तरीच्या पुढच्यांना साधारणपणे ऑपरेशन जास्त मानवतं. सर्जनला एक प्रश्न न संकोचता विचारा: तुमच्या हातून झालेल्या अशा ऑपरेशनांत स्ट्रोक किंवा मृत्यू किती टक्के? ६ टक्क्यांपेक्षा कमी असायला हवं असा मार्गदर्शक तत्त्वांचा दंडक आहे. चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही.

इथवरचं थोडक्यात: डोळ्याला झालं ते बहुधा मानेतून किंवा हृदयातून आलं, धोका मेंदूला आहे, आणि तपासण्या ‘हो की नाही’ यासाठी नसून ‘कुठून आणि किती’ यासाठी आहेत.

औषधांबद्दल सावधपणे लिहिते, कारण हे वाचून कोणी स्वतः गोळी घेऊ नये. अशा प्रसंगी न्यूरोलॉजिस्ट बहुतेकदा ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या सुरुवातीचे थोडे आठवडे एकत्र देतात आणि मग एकावर आणतात. २०१३ मध्ये चीनमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात २१ दिवस दोन्ही दिल्याने पुढचे स्ट्रोक कमी झाले. ठोके अनियमित निघाले तर वेगळं, रक्त पातळ करणारं औषध लागतं. पोटात अल्सर, आधी झालेला रक्तस्राव, चालू असलेली दुसरी औषधं, यांवर सगळं बदलतं. याच्या जोडीला कोलेस्टेरॉलची जोरदार डोसची स्टॅटिन. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, रिपोर्टात ‘नॉर्मल’ दिसला तरी ती देतात, कारण इथे उद्देश आकडा सुधारण्याचा नसून धमनीतला थर शांत करण्याचा असतो. बीपीच्या गोळ्या आता वेळेवर. मात्र घाबरून स्वतःहून डोस वाढवू नका. धमनी खूप अरुंद असेल तर बीपी एकदम खाली आणणंही मेंदूला चालत नाही, त्याचा वेग न्यूरोलॉजिस्टला ठरवू द्या.

सिगारेट सुटलीच पाहिजे. ‘कमी केली’ हे उत्तर मी रुग्णांकडून ऐकते तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण दिवसाला दोन-तीन सिगारेटींनीसुद्धा धमन्यांचं पुष्कळ नुकसान होतं. घरात कोणी मिसरी लावत असेल, गुटखा खात असेल, तर तोही तंबाखूच.

आता कट. मुंबईत कट प्रॅक्टिस नाही असं मी म्हणणार नाही, तुम्ही शंका घेतलीत यात गैर काही नाही. पण या केसमध्ये ती शंका तपासायचा सोपा मार्ग आहे. डॉक्टरांनी ‘अमुक सेंटरलाच करा’ म्हटलं का? नसेल म्हटलं तर शंकेला जागाच उरत नाही. म्हटलं असेल तरी तपासण्या खोट्या ठरत नाहीत. त्याच तपासण्या तुमच्या ओळखीच्या दुसऱ्या सेंटरला करा, नाहीतर सरळ महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात जा. परळचं केईएम, सायन, नायर इथे न्यूरोलॉजीचे विभाग आहेत, आणि डोंबिवलीहून सायन किंवा परळ गाठणं अवघड नाही. गर्दीच्या वेळी बाबांना लोकलच्या दारात लटकवत नेऊ नका एवढंच. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाला, विचारा की तुम्हाला सांगितलेला उपचार त्यांच्या यादीत बसतो का. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. त्यासाठी तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाची कागदपत्रं घेऊन जा. मात्र कागद जमवण्यात तपासणी लांबवू नका. आधी बाबांना दाखवा, कागद घरातलं दुसरं कोणीतरी जमवेल.

शिबिरातल्या मशीनबद्दल. हे संशोधन खरं आहे आणि माझ्या फार जिव्हाळ्याचं आहे. शरीरात चिरफाड न करता धमन्या डोळ्यांनी थेट बघता येतात अशी जागा एकच, ती म्हणजे रेटिना. १८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत बघायच्या आपल्या उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली तेव्हापासून डॉक्टर ती बघतायत. १९३९ मध्ये कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी बीपीच्या रुग्णांच्या रेटिनातल्या बदलांवरून चार पायऱ्या पाडल्या, आणि शेवटच्या पायरीवरचे रुग्ण फार जगत नाहीत हे दाखवलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २००२ मध्ये असं दिसलं की रेटिनातल्या बारीक धमन्या अरुंद असलेल्या स्त्रियांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो. पुरुषांत मात्र तसा संबंध दिसला नाही. मग २०१८ मध्ये गूगलच्या संशोधकांनी अडीच लाखांहून जास्त लोकांचे रेटिनाचे फोटो संगणकाला शिकवले. त्याने फोटोवरून वय सरासरी सव्वातीन वर्षांच्या फरकाने ओळखलं, स्त्री की पुरुष हे बहुतेक वेळा बरोबर सांगितलं. आम्हा रेटिनावाल्यांना नुसत्या नजरेने हे जमत नाही.

पण पुढच्या पाच वर्षांत हार्ट अटॅक किंवा स्ट्रोकसारखं काही कोणाला होईल, हे ओळखण्यात त्याचा गुण ०.७० होता. याचा अर्थ असा: एक पुढे आजारी पडलेला आणि एक न पडलेला, अशा दोघांचे फोटो दिले तर शंभरातल्या सुमारे ७० जोड्यांत त्याने आजारी पडणाऱ्याला जास्त धोका दाखवला. वय, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांवरून कागदावर काढायच्या युरोपियन कोष्टकाचा गुण त्याच लोकांत ०.७२ होता. म्हणजे फोटो कोष्टकाच्या बरोबरीला येतो, पुढे जात नाही. निरोगी दिसणाऱ्या हजारो लोकांतून कोणाकडे आधी लक्ष द्यावं हे ठरवायला असं साधन उपयोगी पडेल, आणि मला त्याची आशा आहे. तुमच्या बाबांचा प्रश्न तो नाही. त्यांना धोका आहे हे रविवारीच कळलंय. आता कॅरोटिडमध्ये किती टक्के थर आहे हे हवंय, आणि ते रेटिनाच्या फोटोत दिसत नाही. मशीनने ‘धोका कमी’ असं छापून दिलं तर बाबा तो कागद दाखवून घरी बसतील, याची मला जास्त काळजी वाटते.

बाबांना कसं सांगायचं हेही लिहिते, कारण माझ्या अनुभवात अडतं तिथेच. ‘डॉक्टर म्हणालेत’ एवढ्याने या वयाचे पुरुष हलत नाहीत. ‘तुम्हाला लकवा होईल’ असं घाबरवलं तर ते आणखी घट्ट बसतात. त्यापेक्षा ठरावीक काम सांगा: ‘बाबा, आज मानेची सोनोग्राफी आणि ईसीजी करून येऊ, संध्याकाळपर्यंत घरी.’ गणपती घरी बसवत असाल तर तेच कारण उलटं वापरा. गणपतीत घर भरलेलं असतं, जागरणं होतात, गोळ्या हमखास चुकतात, आणि काही झालं तर गर्दीत अँब्युलन्स अडकते. तेव्हा आताच दाखवून घेतलेलं बरं. त्यांचा कोणी मित्र अँजिओप्लास्टी होऊन नीट हिंडत-फिरत असेल तर त्याला फोन करायला सांगा. मुलापेक्षा मित्राचं जास्त ऐकतात.

तपासण्या होईपर्यंत बाबांना स्कूटर चालवू देऊ नका आणि एकटं ठेवू नका. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हात किंवा पाय गळाला, बोलणं अडखळलं, किंवा डोळ्यापुढे पुन्हा पडदा आला, तर १०८ ला फोन करून किंवा हाताशी असेल त्या गाडीने थेट स्ट्रोकची सोय असलेल्या हॉस्पिटलात जायचं, डोळ्यांच्या दवाखान्यात नाही. किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन स्ट्रोक सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात. पडदा आला आणि गेलाच नाही, तर रेटिनाकडेही फार वेळ नसतो. सोहन सिंग हायरेह हे मूळचे पंजाबचे, नंतर अमेरिकेत आयोवाला काम केलेले नेत्रतज्ज्ञ. त्यांनी बीपी आणि खराब धमन्या असलेल्या म्हाताऱ्या माकडांवर प्रयोग करून दाखवलं की रेटिनाची मुख्य धमनी सुमारे ९७ मिनिटं बंद राहिली तरी रेटिना सावरते, २४० मिनिटांनंतर मात्र जवळजवळ सगळी नष्ट होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की रेटिनाची धमनी बंद होणं हा स्ट्रोकच समजावा आणि रुग्णाला तसंच तातडीने पाठवावं. ‘सकाळपर्यंत बघू, झोपून उठल्यावर बरं वाटेल’ म्हणून थांबलेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी तपासताना आमच्या हातात करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

न्यूरोलॉजिस्टकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: घटनेचा दिवस आणि वेळ, कोणता डोळा, किती मिनिटं, वरून उतरलं की खालून चढलं, याआधी असं कधी झालं होतं का, चालू गोळ्यांची नावं आणि बुधवारचा डोळ्यांचा रिपोर्ट. बाबा डॉक्टरांसमोर ‘काही नाही हो, जरा अंधारी आली’ असं म्हणतील. तेव्हा तुम्ही मध्ये बोला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढे ढकला. त्याने काही बिघडत नाही, आणि झटक्यानंतर लगेच कोणतंही ठरवून करायचं ऑपरेशन टाळावं. न्यूरोलॉजिस्टने हिरवा कंदील दिल्यावर नवी तारीख घ्या. तोवर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झालेल्या असतील, आणि कोणीतरी सांगेल की ऑपरेशनच्या आधी आठवडाभर त्या बंद करा. स्वतःहून बंद करू नका. ड्रॉप घालून भूल देऊन होणाऱ्या हल्लीच्या मोतीबिंदू ऑपरेशनासाठी त्या बहुतेक वेळा थांबवाव्या लागत नाहीत. तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगा की बाबांना टीआयए झाला होता, आणि गोळ्यांचा निर्णय त्यांना आणि न्यूरोलॉजिस्टना एकमेकांशी बोलून घेऊ द्या.